चोरासाठी पेरलेलं नाव

नानासो गुरुजींचा माणसांवर विश्वास नव्हता, असं कुणी म्हटलं की ते चिडायचे. विश्वास आहे, पण खात्री करून घेतलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. आता खात्री करावी तरी किती? गाडी सांगलीला जाते का हे ते कंडक्टरला विचारायचे, मग ड्रायव्हरला विचारायचे, आणि शेजारच्या म्हातारीलाही विचारून मगच बूड टेकायचे.

अशा माणसानं निवृत्तीनंतर पुस्तक लिहिलं. आटपाडीच्या रानात मेंढरांमागं गेलेलं बालपण त्यात होतं, आणि मधोमध होती थोरली बहीण, हरणाबाई. बाप वारल्यावर चुलती रंगुबाईनं नानासोचं दप्तर चुलीत घातलं आणि हातात काठी दिली. हरणाबाईनं ती काठी त्याच्या हातातनं काढून घेतली, मेंढरं मी राखते तू शाळंत जा म्हणाली आणि कळपामागं चालू लागली. भाऊ मास्तर झाला. अक्का अंगठा उठवत राहिली. साठी उलटल्यावर ती साक्षरतेच्या वर्गाला जाऊन बसली आणि फक्त स्वतःचं नाव शिकून आली. पुस्तकात माझं नाव मीच वाचणार, असं तिनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

हस्तलिखिताची अवस्था मात्र बघवत नव्हती. जिकडंतिकडं खाडाखोड, समासात तिरप्या ओळी, लाल शाईचे बाण, टाचणीनं टोचलेल्या चिठ्ठ्या. छापखानावाल्यानं ते बघूनच हात जोडले आणि आधी टाइप करून आणा म्हणाला. झालं, गुरुजींच्या मागं साडेसाती लागली. आटपाडीच्या कचेरीबाहेर अर्ज टाइप करणारा एक होता, पण तो गुरुजींचं पान चहावाल्याला वाचून दाखवताना सापडला. मग साताऱ्याच्या कृष्णात टायपिस्टाला गाठलं. त्यानं 'हाय'चं 'आहे' करून मेंढक्यांना पुण्याच्या पेठेतलं बोलायला लावलं, आणि वर काही पानं परस्पर मेव्हण्याकडं टाइप करायला पाठवली. मेव्हण्याकडं! गुरुजींना दरदरून घाम फुटला. वडूजच्या कुणाच्या तरी कविता टायपिस्टानं स्वतःच्या नावावर छापल्या, ही बातमी त्यांच्या कानावर होतीच. खरी का खोटी, देव जाणे. पानं गोळा करून ते मिळेल त्या गाडीनं परत आले.

शेवटी कुणीतरी सांगलीच्या नीलिमाचं नाव सुचवलं. नवरा राजरत्न पोस्टात, सासू चंद्राबाई घरात, आणि ही पुढच्या खोलीत बसून प्राध्यापकांचे प्रबंध टाइप करायची. बाई कामाला चोख, सगळे सांगत. सगळेच चांगलं सांगतात म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय, असं गुरुजींच्या मनात आलंच.

ते सकाळच्या गाडीनं यायचे, तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि पिशवीतून थोडी थोडी पानं काढून द्यायचे. निघताना मूळ पानं, टाइप केलेली वरची प्रत, खालची कार्बनप्रत, एवढंच काय, वापरलेले कार्बनसुद्धा मोजून परत न्यायचे. कार्बन उजेडाला धरला की अक्षरं वाचता येतात, हे त्यांना कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. चहाला नको म्हणायचे, कारण चहा पिताना नजर हलते. तिसऱ्यांदा कप तसाच परत गेला तेव्हा चंद्राबाईंनी दारातूनच शांतपणे विचारलं, "गुरुजी, आमच्या हातचा चालत न्हाई व्हय?"

बौद्धाच्या घरात आपण काय करून बसलो हे तेव्हा कुठं गुरुजींच्या ध्यानात आलं. शरमेनं कान तापले. त्यांनी एकापाठोपाठ दोन कप घेतले, तोंड पोळलं तरी घेतले. पानांवरची नजर मात्र काढली नाही.

मग एसटीत बसल्या बसल्या त्यांना एक युक्ती सुचली. पुस्तकात मुद्दाम एक खोटी गोष्ट पेरायची. उद्या कुणी मजकूर चोरलाच, तर ती खोटी गोष्टही त्याच्या पुस्तकात जाईल आणि चोर तिथंच अडकेल. खोटं असं हवं की घरच्या माणसाला लगेच कळावं. म्हणून त्यांनी काठीच्या प्रसंगात हरणाबाईचं नाव खोडलं आणि लाल शाईनं रंगुबाईचं लिहिलं. दप्तर जाळणारीलाच सगळं पुण्य देऊन टाकलं. स्वतःच्या हुशारीवर ते भलतेच खूश झाले.

ते पान आलं आणि नीलिमाचं मशीन थांबलं.

"गुरुजी, बाकी सगळीकडं हरणाबाई आहे. इथंच रंगुबाई कसं? बदलू का?"

म्हणजे ही नुसती टाइप करत नाही, वाचते! गुरुजींनी पिशवी मांडीवर ओढली.

"लिहिलंय तेवढं टाइप करा," ते म्हणाले. "मजकुरात लक्ष घालायचं काम नाही तुमचं."

नीलिमानं मान खाली घातली आणि जसं होतं तसं टाइप केलं.

काम संपल्यावर गुरुजींनी घरी वरच्या प्रतीत रंगुबाई खोडून हरणाबाई लिहिलं. कार्बनप्रत तशीच ठेवली, ती कुणाला द्यायची होती? पण छापखान्याच्या दारात पाय अडखळला. वरची प्रत दिली आणि यांनी गहाळ केली तर? ती परत घरी नेऊन त्यांनी ट्रंकेत घातली, कुलूप लावलं आणि कार्बनप्रत देऊन आले. मधे महिने गेले. प्रुफं आली तेव्हा त्यांनी ती मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहिली. छापखान्यानं कुठं ओळ गाळली का, पान फिरवलं का, एवढंच ते शोधत होते. लाल शाईच्या दुरुस्त्यांसकट सगळं जुळलं. आपलंच पुस्तक वाचायचं तेवढं राहून गेलं.

पुस्तकाची पूजा अक्काच्या अंगणात झाली. नीलिमा सासूला घेऊन सांगलीहून आली होती. अक्कानं तिला जवळ बसवून घेतलं, मशिनीवर तूच लिवलंस तर तूच वाच म्हणाली. काठीचं पान नीलिमाला लगेच सापडलं. ती क्षणभर थांबली, मग तिनं वाचलं, हरणाबाईनं काठी काढून घेतली. अक्कानं पदर डोळ्यांना लावला.

"आण हिकडं. माझं नाव मी बगते."

तिचं बोट ओळीवरून सरकत गेलं, परत मागं आलं.

"हितं र हाय. ह कुटं हाय गं?"

गुरुजींनी वाकून पाहिलं. काठीच्या ओळीत रंगुबाईचं नाव छापलं होतं. नीलिमा खाली बघत म्हणाली, "माझी चूक झाली, आत्या. टाइप करताना."

"नेमकी हितंच कशी गं चुकलीस, लेकी?"

चंद्राबाई गुरुजींकडं बघत होत्या. गप्प बसता आलं असतं. सगळ्यांनी मानलंही असतं, टायपिस्टच ती, चुकणारच.

"तिची न्हाई, अक्का," गुरुजी म्हणाले. "तिनं विचारलं हुतं मला."

मग त्यांना सगळं सांगावं लागलं, चोराचं, पेरलेल्या नावाचं, कुलपातल्या प्रतीचं. ऐकून झाल्यावर अक्कानं पुस्तक मिटलं आणि भावाच्या मांडीवर ठेवलं.

"मग नाना," ती म्हणाली, "घावला का चोर?"