खडूवर उमटलेली रेघ

जुनी वस्तू विकायला काढली की आपण सगळेच एकदम जाणकार होतो, हे वाचकहो, तुम्हीही मान्य कराल. कपाट असेल तर ते सागवानीच असतं आणि घड्याळ तर म्हणे जन्मात कधी मागे पडलेलं नसतं! बँकेत कॅशियर असलेला आपला सायकलशास्त्रीही याच वाटेने निघाला होता. हे नाव त्याला बँकेतल्या मंडळींनी ठेवलं होतं, कारण डबा खाताना तो जुन्या सायकलींशिवाय दुसरा विषयच काढत नसे.

त्या रविवारी त्याला घबाड सापडलं. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मावशीच्या शर्यतीच्या सायकलचे सुटे भाग निघाले. मावशी तरुणपणी शर्यतीत उतरायची. आता गुडघे कुरकुरतात, तेव्हा पेटीतलं हवं ते विकून टाक, असं तिने भाच्याला केव्हाच सांगितलं होतं. त्या भागांत एक क्रँक होता, म्हणजे पॅडल ज्याला बसतं तो दांडा. हलका, चकचकीत, आणि त्यावर कंपनीची छाप कुठेच नाही. झालं, शास्त्रीबुवांच्या अंगात आलं!

त्याने लांबी मोजली, आटे तपासले, वजन केलं, जुने फोटो धुंडाळले. आकार जुळला. भोकांमधलं अंतर जुळलं. एका नामांकित कंपनीचाच क्रँक! त्याने लगेच मोबाईलवर जाहिरात टाकली, त्यात कंपनीचं नाव लिहिलं आणि पुढे जोडलं, ‘अस्सल, अगदी नव्यासारखा.’ जेवण उरकेपर्यंत गिऱ्हाईकही मिळालं. एक नर्स होती. तिची पहिलीच घाटातली शर्यत जवळ आली होती आणि तिच्या सायकलला नेमका असाच क्रँक हवा होता. संध्याकाळी न्यायला येते, म्हणाली.

मावशी बाहेरून आली तेव्हा भाच्याने मोठ्या हौसेने तिला जाहिरात दाखवली आणि घाटातल्या शर्यतीच्या गिऱ्हाइकाचंही सांगितलं. तिने चष्मा लावून ती वाचली.

“कंपनीची छाप कुठे गेली यावरची?” तिने विचारलं.

“झिजली असेल.”

“झिजली नाही. मी घासली.”

मग तिने सांगितलं. शर्यतीत उतरणाऱ्यांना तेव्हा वजन कमी करायचं वेड होतं. कानस घेऊन जो तो आपली सायकल घासत बसायचा. तिनेही हा क्रँक आतून-बाहेरून घासला आणि त्यात नाव गेलं. पण कंपनी मात्र तीच होती, भाच्याने ओळखलेली!

शास्त्रीला आकाश ठेंगणं झालं. म्हणजे जाहिरातीतला शब्द न् शब्द खरा, असं म्हणून तो टाळी मागायला पुढे झाला. मावशीने हात दिला नाही.

“नाव मापांवरून ओळखलंस, शाबास. पण ‘नव्यासारखा’ हे कुठलं माप लावून काढलंस?”

दिसायला तर आहे, तो म्हणाला. विकणाऱ्याने एवढंच बघायचं, बाकीचं घेणाऱ्याने बघावं, सगळेच असं करतात.

“अरे, ती पोर घाट उतरताना पॅडलवर उभी राहणार. तुझ्या शब्दावर ती सगळा भार टाकणार, आणि तू म्हणणार तिचं तिने बघावं? तपासलं नाही एवढं लिहायला काय जड गेलं तुला?”

मावशीने रॉकेल आणि खडू मागवला. क्रँकला रॉकेल चोळलं, थोडा वेळ जाऊ दिला, मग कोरडं पुसून वर खडूची पूड फासली. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि खडू ओला करतं, ती म्हणाली. दोघं टेबलावर वाकून बघत राहिले.

काहीच होईना. भाचा हसणार, तोच पॅडलच्या भोकाजवळ केसाएवढी रेघ उमटली! ती हळूहळू वाढत गेली आणि थेट कडेपर्यंत पोचली! नाव खरं निघालं होतं आणि दांडा फुटका!

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. नर्स हेल्मेट काखेत धरून आनंदाने आत आली. एक फडकं फिरवलं असतं तर रेघ पुसली गेली असती, आणि फडकं त्याच्याच हातात होतं. पण त्याने ते खाली ठेवलं.

“ताई, कंपनी खरी आहे, पण हा बसवू नका. ही चीर बघा. मी न तपासता लिहिलं, माझं चुकलं.”

तिने वाकून ती रेघ बघितली. शर्यतीला आता जुन्याच क्रँकवर जावं लागणार, म्हणून तिचं तोंड उतरलं होतं. मग हळूच म्हणाली, “माझा आत्ताचा क्रँकही असाच कुणाकडून घेतलाय. तोही म्हणाला होता, एकदम मस्त आहे. बघता का जरा?”

तिघंही जिन्याखाली तिच्या सायकलपाशी गेले. पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू, पुन्हा तीच वाट बघणं. या वेळी शास्त्री नर्सपेक्षाही जवळ वाकून बघत होता. खडू पांढराच राहिला! मावशीने दोनदा निरखून मान डोलावली, आणि ती पोरगी पॅडलवर उभी राहून रस्त्याच्या वळणापर्यंत भरधाव गेली.

शास्त्रीने वर येऊन आधी करवतीने त्या फुटक्या क्रँकचे दोन तुकडे केले, म्हणजे पुन्हा तो कोणी बसवायला नको. मग उरलेल्या भागांच्या जाहिराती लिहायला बसला. जे मोजलं ते लिहिलं, आणि जे कळलं नाही तिथे सरळ ‘माहीत नाही’ लिहिलं. त्या दोन शब्दांनी त्याची शास्त्रीकी कमी झाली नाही, उलट मावशीने आपणहून टाळी दिली.

तेव्हा वाचकहो, जुनी वस्तू विकण्याआधी तिची ओळख जरूर पटवा. पण आपण लिहिलेल्या शब्दावर उद्या कोणीतरी पाय ठेवून उभं राहणार आहे, हे त्याआधी ओळखा.