मागचा दिवा

"अजून मागे," मी ओरडले. "दिवा दिसतोय अजून."

धाकट्या भावाने गाडी आणखी हातभर मागे घेतली आणि ट्रेलरचा तांबडा दिवा पाण्याखाली गेला. हा नियम बाबांचा. दिवा बुडला की थांबायचं, मग बोट आपोआप ट्रेलरवर तरंगत येते. वीस वर्षं आम्ही तो देववाक्यासारखा पाळला.

आजही आमची शिडाची बोट अशी अलगद बसली, जणू आईच्या मांडीवर लेकरू. मी पट्टा आवळला. धाकट्याने गाडी पुढे घेतली, तसा खालून धाडकन आवाज आला आणि गाडीची चाकं जागच्या जागी गरगरू लागली.

धरणाचे दरवाजे उघडल्यापासून तलाव रोज वीतभर उतरत होता. उद्या पाणी बोटी काढायच्या काँक्रीटच्या उतरणीच्या टोकाखाली जाणार, मग बोट वर्षभर चिखलात. लाकडी तळ तडकणार, हे पोरही सांगेल.

"तीन रविवार सांगतेय, बोट काढू. तुझं आपलं पुढच्या रविवारी."

"वारा चांगला होता, ताई."

"तुझा वारा घाल चुलीत."

काठावर घडीच्या खुर्चीतून बाबा गरजले, "दोघांना मिळून एक ट्रेलर सांभाळता येत नाही."

मी काठी घेऊन कमरेइतक्या पाण्यात शिरले, चाचपलं. ट्रेलरची चाकं काँक्रीटची कड ओलांडून खड्ड्यात पडली होती. तलाव भरलेला असताना दिवा उतरणीच्या मध्यावरच बुडायचा. यंदा पाणी खाली गेलं आणि आम्ही दिवा बुडवायला काँक्रीटच्याही बाहेर गेलो. 'अजून मागे' म्हणत होतं कोण, तर मीच. त्यामुळे माझं डोकं आणखी तापलं.

"बाबा, काँक्रीट कुठे संपतं हे कधी सांगितलंत?"

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "आपल्यासाठी कधी संपलंच नव्हतं ते."

मग ते उठले आणि दुखरे गुडघे घेऊन, बुटांसकट पाण्यात आले.

"बोट सोड."

"आत्ता तर बसवली."

"सोड म्हणतो ना. एवढं ओझं घेऊन ट्रेलर कड चढायचा नाही."

मी रागारागाने पट्टा सोडला. बोट मागे सरकली, बाबांनी तिचा दोर धरला. मी चाकांखाली फळी कोंबली, धाकट्याने गाडी ओढली आणि रिकामा ट्रेलर कड चढला. चाकं काँक्रीटवर येताच मी त्याला थांबवलं. दिवा पाण्याच्या चांगला वर होता. बोट जेमतेम निम्मी आली, उरलेली ट्रेलरच्या पुढच्या विंचने, दोर गुंडाळायच्या रहाटाने, ओढायची होती.

विंच फिरवायचा दांडा मी कुणाला दिला नाही. पहिले तीन फेरे त्या तीन रविवारांचे, एक बाबांच्या खुर्चीचा. बाकी सगळे माझ्या 'अजून मागे'चे. तळहात सोलले, पण बोट बसली.

वर कोरड्यात आल्यावर बाबा म्हणाले, "माझे बूट गेले."

धाकटा फिस्सकन हसला. मी नाही हसले. बादली त्याच्या हातात दिली, ब्रश बाबांच्या.

"तळाचा चिखल धुवा आधी," मी म्हणाले. "दोघंही."