पूर्ण उघडं झाकण

पियानोचं झाकण दांडी लावून पूर्ण उघडलेलं दिसलं आणि माझं डोकं फिरलं. माझ्या व्हायोलाबरोबर भावानं पियानो वाजवताना झाकण जेमतेम फटीएवढं उघडायचं, ही आमची भावाबहिणीची जुनी रीत. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. आवाज खालचा आणि स्वभाव सोशिक. पियानो असा मोकाट सोडला की तिचं कोण ऐकतंय?

“हे कोणी उघडलं?” मी हॉलच्या माणसाला विचारलं.

“तुमच्या भावानंच सांगितलं. तुमचा नोटेशनचा स्टँडही इकडे घ्यायला लावला, बरोबर त्यांच्या समोर.”

माझ्या मनात पाल चुकचुकली. तशी ती गेले काही महिने चुकचुकतच होती. धाकटा पूर्वी डोळे मिटून वाजवायचा. सुरुवात करताना मी नाकानं जोरात श्वास घेते, तेवढ्यावर तो बरोबर उचलायचा. आई गंमतीनं म्हणायची, हिला सर्दी झाली तर तुमचा कार्यक्रमच बंद. आता मात्र तो माझ्या हाताकडे टक लावून बघतो, जणू माझ्या चुका टिपतोय. तालमीत मी काही सुचवलं की नुसती मान हलवतो आणि पुन्हा स्वतःचंच खरं करतो. फोन उचलत नाही, मेसेज पाठवतो. त्यात त्याच्याकडे ती नवी व्हायोलावाली येऊ लागलीय. वाजवताना नुसती झुलते. “तिच्याबरोबर सोपं जातं, ताई,” असं एकदा म्हणालासुद्धा. मी काय समजायचं ते समजले. मला लोकांसमोर झाकोळून टाकायचं आणि मग ताईला आता झेपत नाही म्हणून हळूच बाजूला करायचं.

कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या भागात पियानो असा गडगडला की तारांवर गज ओढून ओढून माझा खांदा भरून आला. माझा संताप अनावर झाला होता. दुसरा भाग संथ. त्यात मी सरळ प्रेक्षकांकडे वळले. व्हायोलाचं तोंड लोकांकडे, माझी पाठ भावाकडे. बघ म्हटलं, आता काय बघायचं ते.

मधे एक जागा आहे. दोघंही थांबतात, हॉल गप्प होतो, आणि मग दोघांनी एकदम उचलायचं. मी श्वास घेतला आणि उचललं.

पियानो आलाच नाही.

मी एकटी वाजवत राहिले. मुद्दाम केलंन, हाच पहिला विचार. रागानं मागे वळले. त्याचे हात पट्ट्यांवर अधांतरी होते. गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखा चेहरा करून तो माझ्या पाठीकडे बघत होता. माझा गज दिसला मात्र, त्याचे हात खाली आले, अचूक जागी.

मी श्वास चांगला जोरात घेतला होता. पहिल्या रांगेतल्या बाईंनी त्या आवाजानं मान वर केली होती. त्याला तो ऐकूच आला नव्हता.

उरलेलं सगळं मी त्याच्याकडे तोंड करून वाजवलं.

मध्यंतरात तो आतल्या खोलीत पाठमोरा उभा राहून कागद लावत होता. “कधीपासून?” मी विचारलं. त्यानं कागद लावणं थांबवलं नाही. मग मी पुढे जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले आणि पुन्हा विचारलं.

“वर्ष झालं,” तो म्हणाला. “झाकण उघडं असलं की माझं मला थोडं तरी ऐकू येतं. तुझं नाही येत, ताई. तुझं मी बघतो.”

मला रडू फुटलं. त्याच्यावर इतके दिवस दात खाल्ले, याची लाज वाटली.

दारात हॉलचा माणूस आला. “पियानो फारच मोठा येतोय, अशी लोकांची तक्रार आहे. झाकण लावून टाकू का?”

भावानं माझ्याकडे बघितलं. माणूस काय बोलला ते त्याला कळलं नव्हतं.

“असू दे उघडंच,” मी म्हणाले. मग स्टेजवर गेले आणि माझा स्टँड उचलून आणखी थोडा त्याच्याजवळ सरकवला.