आत्याच्या मरणाला श्रेणी

भाषेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि साहित्य व सर्जनशील लेखनाचा तास रसायनाच्या बाईंच्या गळ्यात पडला. त्या तासाला त्या रिकाम्या होत्या, एवढीच त्यांची पात्रता.

"पाहिलं ते लिहा," त्यांनी वर्गाला सांगितलं. "क्रमाने लिहा. सुंदर वगैरे लिहू नका."

मुलांनी बाईंना ओळखलं होतं. मागच्या बाकावरच्या एकाने प्रेमकथेला उद्देश, कृती, निरीक्षण असे मथळे दिले आणि निष्कर्षात लिहिलं, 'तिचा भाऊ जवळच राहतो.' बाईंनी त्याला 'ब' दिला आणि शेरा मारला, 'प्रयोग पुन्हा करू नये.'

पुढचा पेपर त्यांच्या आवडत्या मुलीचा होता. प्रयोगशाळेत ब्युरेटच्या नळीतून थेंब सोडताना तिच्याइतका स्थिर हात वर्गात दुसऱ्या कुणाचा नव्हता. पण तिला साहित्य शिकायचं होतं. वडिलांनी अट घातली होती: या परीक्षेत 'अ' मिळाला तर पुढच्या वर्षी साहित्य, नाहीतर मुकाट्याने रसायन. पालकसभेत तर ते बाईंना डोळे मिचकावत म्हणालेही होते, "म्हणजे आता सगळं तुमच्याच हातात!"

मुलीने आत्याचं मरण लिहिलं होतं. आत्या गाडी चालवायला शिकवायची. शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो तो जादा ब्रेक दाबण्यात तिचा जन्म गेला. शेवटच्या दिवसांत खोलीत कुणी घाईने शिरलं, की अंथरुणातही तिचा उजवा पाय खाली दाबला जायचा.

बाईंनी चष्मा पुसला. मग काचा कोरड्याच आहेत हे लक्षात आल्यावर डोळे पुसले. शाळा सुटल्यावर त्या तडक मुलीच्या घरी गेल्या.

दार एका धिप्पाड स्त्रीने उघडलं. हातात गाडीची किल्ली.

"मी मुलीच्या शाळेतून आले. तिच्या आत्यांचं कळलं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "फार वाईट झालं."

"काय झालं?"

"त्यांचं निधन."

"तिला एकच आत्या आहे," ती म्हणाली, "आणि ती मी. आत या, बसा. तुम्हाला घाम फुटलाय."

आतून मुलगी आली, बाईंना पाहून पांढरीफटक पडली आणि पडद्याआड जाऊ लागली.

"थांब गं," आत्या म्हणाली. "मला कधी मारलंस?"

"आत्या, ती गोष्ट आहे!"

"पण तू 'मी' असं लिहिलंयस," बाई कळवळून म्हणाल्या. "आणि मी पाहिलं ते लिहायला सांगितलं होतं."

"बाई, मी डोळे मिटून पाहिलं."

बाईंना अशी पद्धत माहीत नव्हती. आत्याने त्यांच्या पिशवीतून डोकावणारा पेपर ओढून घेतला आणि उभ्यानेच वाचायला लागली.

"दमा? मला कधी होता दमा? दोन मजले एका दमात चढते मी! आणि हे काय, 'क्षीण आवाजात'? अगं, माझ्या आवाजाने चौकातला सिग्नल बदलतो."

मग पुढचं पान वाचता वाचता ती खुर्चीत बसली. तेवढ्यात कामावरून आलेले वडील धाडकन दार ढकलून आत शिरले. आत्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. तिने स्वतःच्या पायाकडे पाहिलं आणि पदराने नाक पुसलं.

"मेली," ती म्हणाली. "किती बघत असते ही माझ्याकडे."

वडिलांना बाई दिसल्या. "अरे वा, बाई! मग? रसायन नक्की ना?"

मुलीने बाईंकडे पाहिलं. बाईंना ती पुढच्या वर्षी हवी होती, फार हवी होती. त्यांनी पेपर परत घेतला.

"यातलं मुख्य विधानच खोटं आहे," त्या म्हणाल्या. वडील हसले. "पण वाचून मी रडले. ह्यांना आपण जिवंत आहोत हे ठाऊक असून ह्याही रडल्या. दोन वेगळ्या ठिकाणी एकच परिणाम मिळाला, तर मला तो नाकारता येत नाही."

त्यांनी लाल पेन काढलं, 'अ' लिहिला आणि खाली सही केली. मग पेनाचं टोपण बराच वेळ त्यांना लागेना.

"अहो, पण तुमचाच विषय..." वडील म्हणाले.

"अट तुझीच होती ना रे?" आत्या म्हणाली. "मग आता उगाच मागे फिरू नकोस."

वडिलांनी पेपर घेतला, उभ्याउभ्याच चाळला, उलटून पुन्हा पहिल्या पानावर आले.

"यात मी कुठे आहे?"

"आहात ना, बाबा," मुलगी म्हणाली. "तुम्ही दार उघडता."

"बस? सख्खी बहीण मरतेय आणि मी दार उघडतो?"

"मला तुमच्याबद्दल लिहायला जमत नव्हतं. वाक्यं खोटी वाटायची."

 पेपरची घडी घालावी की नाही हे वडिलांना कळेना.

"मग वर्षभर शिकल्यावर," त्यांनी शेवटी विचारलं, "जमेल का?"