तेरा अँपिअरची वायर

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी एक्स्टेंशन वायर. मुक्काम अमेरिकेतलं मिनेसोटा, चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर. माझ्या शेपटाला तीन सॉकेट आहेत आणि डोक्यात गोंधळ.

मला इथे आणलं ऑर्व्हिल इलेक्ट्रिशियनने. "ही तेरा अँपिअरच पेलते," असं तो सगळ्यांना बजावायचा. सगळे मान डोलवायचे आणि आणखी एक पाव घ्यायचे. कळत मलाही नसे. भिंतीतून व्होल्ट येतात एकशेवीस, रोज तेवढेच. मग टेबलावरच्या दिव्याला मी गार आणि इस्त्रीला गरम का? मला वाटायचं, इस्त्रीच्या संगतीचा परिणाम.

परवा ऑर्व्हिलच गेला. दफनानंतरच्या जेवणाला ऐंशी माणसं. चर्चच्या बायका कामाला लागल्या. आर्डिसने मला कॉफीचं मोठं विजेचं भांडं लावलं, पंधराशे वॉटचं. गेर्डाने मीटबॉलचा, म्हणजे खिम्याच्या गोळ्यांचा, विजेचा कुकर लावला, अडीचशेचा. इर्माने बटाट्यांचा, तोही अडीचशेचा. मग "तुझं राहू दे, माझं काढते", "छे गं, माझंच काढते" असं वीस मिनिटं चाललं आणि कुणीच काही काढलं नाही. दुसऱ्याचा पदार्थ बंद करणं आमच्याकडे चोरीच्या खालोखाल धरतात.

कागदी नॅपकिनच्या गठ्ठ्याखाली मी मऊ पडू लागले. भार जास्त झाला की वीज तोडणारा भिंतीतला ब्रेकर वीस अँपिअरचा, त्याच्या मते सगळं ठीक होतं. मला वाटलं, शोक म्हणतात तो हाच असावा.

तेवढ्यात ऑर्व्हिलची बायको लव्हॉन नॅपकिन घ्यायला आली. तिचा हात माझ्यावर पडला. चटका बसताच तिने कॉफीचा प्लग उपसला.

"लव्हॉन, अगं, कॉफी आहे ती," आर्डिस हळूच म्हणाली.

"दोन हजार वॉट भागिले एकशेवीस व्होल्ट. जवळजवळ सतरा अँपिअर झाले. ही तेराची आहे, पेटली असती. एक्केचाळीस वर्षं तो जेवताना हेच सांगायचा आणि मी म्हणायचे, मीठ दे. आत्ता कळलं. आता सांगू कुणाला?"

"मला सांग," आर्डिस म्हणाली. "पण सावकाश. मी गणितात ढ आहे."

कॉफीचं भांडं पलीकडच्या भिंतीला गेलं. लव्हॉनने नॅपकिनवर भागाकार मांडला. तिसऱ्या नॅपकिनला आर्डिसने विचारलं, व्होल्ट म्हणजे नक्की काय.

"तो तिथवर आला की मी भांडी घासायला उठायचे," लव्हॉन म्हणाली.

तेव्हा मित्रांनो, प्लग लावण्याआधी वॉट वाचा, बेरीज करा, व्होल्टने भागा. उत्तर माझ्या ताकदीबाहेरचं असेल तर एक प्लग काढा, मग कुणालाही वाईट वाटो. आणि जेवताना कुणी व्होल्ट समजावू लागलं, तर भांडी जरा राहू द्या. मला ते अजून कळलेले नाहीत.