गाडीखालचा पुठ्ठा

"थांबलं! थांबलं!" ताई पार्किंगमध्ये हात जोडून ओरडत होती आणि अख्खी इमारत तिच्याभोवती गोळा झाली होती. दुसऱ्या मजल्यावरचे वकील दाढीचा फेस गालावर तसाच ठेवून उतरले होते. इस्त्रीवाला गाठोडं खाली टाकून फरशी न्याहाळत होता. ताईच्या गाडीखाली दोन आठवडे रोज सकाळी रक्ताचे थेंब पडायचे. आज सलग तिसरा दिवस, फरशी कोरडी ठणठणीत.

गाडीच्या पुढ्यात खुर्ची टाकून ताईने बोलावलेले महाराज बसले होते. बोलताना ते कायम डोळे मिटायचे, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नाव डोळेमिटे ठेवलं होतं.

"लोखंडालाही स्मृती असते, बाई," डोळेमिटे सांगत होते. "या वाहनाला एक स्पर्श सोसला नाही. तो स्पर्श दूर गेला, कंपनं शुद्ध झाली, जखम भरली. आता तो स्पर्श या घरात पुन्हा नको. कायमचा नको."

तो स्पर्श म्हणजे माझ्या भाच्याची बायको. दोन महिन्यांपूर्वी ती गाडी शिकली, शाळेत शिकवायला स्वतः गाडी नेऊ लागली आणि मग थेंब सुरू झाले. झालं, एवढं पुरलं! पाच दिवसांपूर्वी ताईने तिला माहेरी धाडलं. भाच्याने स्वतःच्या हाताने तिची बॅग रिक्षात ठेवली. आताही तो मान खाली घालून 'कायमचा नको' ऐकत उभा होता.

मी तेहतीस वर्षं बसडेपोत गाड्यांखाली काढली. असले चमत्कार ऐकून कान किटलेत. खरं सांगतो, भांडायचासुद्धा कंटाळा आला होता. पण मनात एक टोचणी होती. थेंब दिसले त्या पहिल्याच दिवशी सुनेचा मला फोन आला होता, "मामा, जरा येऊन बघता का?" मी म्हटलं, "गुडघे दुखतायत गं, रविवारी बघू." तो रविवार गेला, पुढचाही गेला, आणि मी आज उगवलो होतो.

"स्टिअरिंग कसं चालतंय रे?" मी भाच्याला विचारलं.

"दगड झालाय, मामा. वळवताना रडल्यासारखा आवाज येतो."

"शोक!" डोळेमिटे लगेच म्हणाले. "वाहन शोक करतंय."

"बरं. आणि ताई, रोज फरशी कोण पुसायचं?"

"मीच. उजाडायच्या आत पुसायची, कुणाची नजर पडू द्यायची नाही, असं महाराजांनीच बजावलं होतं."

म्हणजे थेंब गाडीच्या नेमक्या कुठल्या भागाखाली पडतात, ते एकाही माणसाने नीट पाहिलं नव्हतं. मी भाच्याला बॉनेट उघडायला लावलं. आत एका कोपऱ्यात स्टिअरिंगच्या तेलाची छोटी बाटली असते. झाकण काढलं. तळाला लाल ओशट डाग, बाकी रिकामी.

"ताई," मी म्हटलं, "थांबलं, कारण संपलं."

मी अंदाजाने सोबत आणलेला त्याच तेलाचा डबा पिशवीतून काढला आणि वकिलांच्या बोटावर एक थेंब सोडला. लालभडक. त्यांनी बोटं चोळली, हुंगली. "तेलच आहे की हो!"

डोळेमिटे गालात हसले. "रंग सारखा म्हणून वस्तू सारखी होते का? दूधही पांढरं, चुनाही पांढरा."

"हे मात्र बरोबर," इस्त्रीवाला म्हणाला, आणि चार माना डोलल्या. मला राग आला, पण बोलण्यात तथ्य होतं. नुसत्या रंगावर कुणी विश्वास का ठेवावा?

"मग करूनच बघू," मी म्हटलं. बाटली खुणेपर्यंत भरली, गाडी चालू करून चाकं दोन्हीकडे पुरती वळवली, बंद केली. इंजिनखाली नव्या फ्रिजचा मोठा पुठ्ठा सरकवला आणि बाटलीच्या खालची जागा त्यावर पेनाने गोल करून ठेवली. "सून माहेरी, गाडी इथे. फरशी कुणी पुसायची नाही. बोला महाराज, उद्या थेंब पडेल?"

"ती दूर आहे तोवर? शक्यच नाही."

"सगळ्यांनी ऐकलं ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं दुप्पट जमली. पुठ्ठा ओढला. पाच लाल थेंब, पाचही माझ्या गोलात. डोळेमिट्यांचे डोळे मी पहिल्यांदाच उघडे पाहिले.

"ती इथे येऊन गेली असणार!" ते म्हणाले.

"कुठली येतेय?" ताई हळूच म्हणाली. "आम्ही येऊ दिली तर येईल ना."

मी त्याच पुठ्ठ्यावर आडवा झालो. गुडघ्यांनी बोंब मारली. बाटलीतून निघणाऱ्या नळीची क्लिप सैल होऊन गंजली होती, नळीच्या टोकाशी थेंब लोंबत होता. भाच्याला वाकून बघायला लावलं, मग वकिलांना, मग ताईला. क्लिप बदलली. तिसऱ्या सकाळी बाटली भरलेली आणि पुठ्ठा कोरडा. महाराज मात्र त्या दिवशी फिरकले नाहीत.

ताईने स्पीकरवर फोन लावला. "अगं, ये बाई परत. रक्तबिक्त काही नव्हतं, तेल होतं. मामांनी पुठ्ठा ठेवून दाखवलं."



"आई, पुठ्ठा मी पहिल्याच दिवशी ठेवला होता," सून म्हणाली. "तुम्ही अभद्र म्हणून फेकून दिलात. हे समोरच उभे होते."

"चुकलं माझं," ताई म्हणाली. भाच्याने फोन हातात घेतला. "मी येतो न्यायला."

"या. बॅग तुम्ही ठेवली होती रिक्षात, आता तुम्हीच उचलायची. आणि येताना गाडी मी चालवणार."

तो किल्ली घेऊन निघाला. मला तिने एका शब्दाने दोष दिला नाही, ते जास्त लागलं.

म्हणून तुम्हाला सांगतो. गाडीखाली थेंब दिसला तर पुसू नका, पुठ्ठा ठेवा. रंग बघा, जागा बघा, बोटाला लावून बघा. तेवढं केल्याशिवाय घरातल्या माणसावर बोट ठेवू नका. आणि कुणी "येऊन बघता का" म्हणालं तर त्याच दिवशी जा. माझे गुडघे तेव्हा दुखत होते, आजही दुखतायत.