डिझेलच्या झाकणाचं कुलूप

जानेफळच्या शेषरावांचा जगावर विश्वासच नव्हता, असं म्हणणं अन्यायाचं होईल. देवावर होता, बायकोवर होता, आपल्या जुन्यापुराण्या ट्रकवर तर फारच होता. फक्त डिझेलच्या बाबतीत ते सख्ख्या भावालाही टाकीजवळ उभं करत नसत. एकदा ते धाब्यावर भाकरी मोडत असताना कोणीतरी नळी घालून टाकीतलं डिझेल ओढून नेलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. शेषराव त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागले.

पोळ्याच्या सुमारास त्यांनी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधली. गाडीतला डिझेलचा काटा केव्हाच मेला होता, म्हणून मोजायला एक सरळ तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, ठेवली. गाडी थांबली रे थांबली की शेषराव खाली उतरत, भर रस्त्यात सदरा वर करून किल्ली काढत, झाकण उघडत आणि तुराटी बुडवून तिची ओली खूण बोटाने मापत. हे सगळं ड्रायव्हर प्रेमानंदच्या डोळ्यांदेखत.

प्रेमानंद त्यांच्या गाडीवर स्वतःच्या लग्नाच्या आधीपासून होता. आता त्याची मुलगी महामाया बारावीला गेली. इतक्या वर्षांत त्याने मालकाच्या शंभर तऱ्हा पोटात घातल्या, पण ही तुराटी काही त्याच्या घशाखाली उतरेना.

नेमकी पोळ्यानंतरच गाडीला बंद पडायची खोड लागली. गावातून निघताना नवरदेवाच्या तोऱ्यात निघायची, काही अंतर गेलं की जोर कमी व्हायचा, इंजिन घुटमळायचं आणि थंड. प्रेमानंद उतरून हातपंप मारी, नट ढिला करून पाइपातली हवा काढी. तेवढ्या वेळात शेषराव आपलं तुराटीचं व्रत उरकून घेत. मग स्टार्टर मारला की गाडी सुरू!

प्रेमानंद म्हणाला, फिल्टर चोंदला. फिल्टर बदलला. मग म्हणाला, टाकीतून डिझेल ओढणारा पंप गेला. तोही बदलला. मग मेहकरच्या मिस्त्रीच्या सल्ल्याने सगळे पाइप बदलले. शेषरावांच्या बायकोने, शालूबाईंनी, लिंबूमिरची बांधली. प्रत्येक उपाय लागू पडला, कारण प्रत्येक वेळी गाडी सुरू झालीच. आणि पुढे जाऊन बंदही पडली. यशाचे वाटेकरी तेवढे वाढत गेले.

एक दिवस गावच्या चौकात, चहाच्या टपरीपुढे, शेषरावांची तुराटी नेहमीपेक्षा कमी भिजली. गाडी उतारावर उभी आहे, डिझेल एका बाजूला गेलं असेल, एवढा विचार करायला डोकं शांत लागतं. ते चार माणसांत ओरडले, "प्रेमानंद, डिझेल कमी काऊन झालं बे?"

प्रेमानंदने चहाचा कप खाली ठेवला.

"शेषरावभाऊ, उत्तमरावच्या नव्या गाडीवर मले बोलावणं हाये. उद्याची जालन्याची खेप मी मारून देतो. पण वाटेत तुमी एकदा जरी ते झाकण उघडलं, तं मी तिथूनच एसटीनं वापस. मंग तुमी अन् तुमचं डिझेल!"

 शेषरावांना दुसरा ड्रायव्हर मिळाला असता; पण ज्याच्याशी रस्ताभर भांडावं आणि ज्याच्या डब्यातली चटणी न विचारता उचलावी, असा माणूस त्यांना दुसरा नव्हता. त्यांनी शालूबाईंची शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी सोयाबीनची पोती भरून गाडी निघाली. वाटेतलं दुसरबीड गाव जवळ आलं आणि इंजिन घुटमळून बंद पडलं. प्रेमानंदने हातपंप मारला, हवा काढली, स्टार्टर मारला. नाही. पुन्हा सगळं केलं. तरी नाही. शेषराव आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून केबिनमध्ये बसून होते.

"आज काऊन नाही होऊन राह्यली?" प्रेमानंद घामाने निथळत म्हणाला. "मी तं रोजचं सगळं केलं."

"म्या नाही केलं," शेषराव पुटपुटले.

"काय?"

"काडी नाही टाकली."

प्रेमानंदने हातातला पाना खाली ठेवला. "काडीचा अन् इंजिनचा काय संबंध? उघडा बरं झाकण."

"नाही उघडत. तू निंघून जाशीन."

"मीच सांगून राह्यलो न, उघडा!"

"शालूची शपथ हाये."

"वहिनीले काही होत नाही!"

शेषराव हलेनात. शेवटी प्रेमानंदने त्यांना खाली ओढलं, सदरा वर केला आणि करदोड्याची गाठ दातांनी सोडायला घेतली. तेवढ्यात शेजारून एसटी गेली. तिच्या खिडक्या डोक्यांनी भरल्या. किल्ली एकदाची निघाली. झाकण फिरवताच टाकीने 'सूंऽऽ' करून हवा आत ओढली, इतक्या जोरात की दोघंही मागे सरले.

प्रेमानंदने झाकण उलटं केलं. आतून ट्यूबचा रबर चिकटवलेला.

"हे काय?"

"तिथं बारीक भोक होतं. त्यातून कोणी डिझेल ओढलं असतं तं?"

"या भोकातून? अहो, मुंगी तरी शिरते काय! टाकीतून डिझेल गेलं का त्याच्या जागी हवा याले पाह्यजे, तिची वाट हे. ती बंद झाली का डिझेल इंजिनात जातच नाही. तुमी काडी टाकाले झाकण उघडा, हवा शिरे, अन् गाडी चाले. मी समजे, मायाच हातगुणानं चालली."

त्याने रबर खरवडून काढला, हातपंप मारला, स्टार्टर दिला. इंजिन धडधडू लागलं.

शेषराव रस्त्यातच उभे होते. "चुकलं मायं, प्रेमानंद. तुयासारख्या माणसावर संशय घेतला. गाडीचा गळाही मीच दाबला. आता जा तू उत्तमरावकडं, मी कोन्या तोंडानं अडवू?" त्यांचे डोळे भरून आले.

प्रेमानंदने हात पुसले.

"म्या बी काय कमी केलं? पह्यले फिल्टरले चोर ठरोलं, मंग पंपाले, मंग पाइपाले. सारे बेकसूर, अन् साऱ्याईले भंगारात देल्लं. तुमी निदान मले भंगारात तं नाही देल्लं." तो स्टिअरिंगवर चढून बसला. "बसा. अन् उत्तमरावले फोन लावून सांगा, प्रेमानंद येत नाही म्हना. माये हात गुंतले हायेत."

शेषरावांनी फोन लावला, तो तसाच मांडीवर ठेवला आणि आधी प्रेमानंदचा डबा न विचारता उघडून चटणी काढली. उत्तमराव तिकडून "हॅलो, हॅलो" करत राहिले.